गारव्याची वाटणी : जुन्या वास्तू आणि वातानुकूलन

१९०२ सालच्या उन्हाळ्यात न्यूयॉर्क शहराच्या ब्रुकलिन भागातील एका छापखान्यापुढे मोठी अडचण उभी होती. दमट हवेत कागद फुगे, कोरड्या हवेत आकसे, आणि एकाच पानावर एकामागून एक चार रंग छापावयाचे असल्यामुळे पहिल्या रंगावर दुसरा नेमका बसत नसे. ही अडचण दूर करण्यासाठी विलिस कॅरिअर या पंचवीस वर्षांच्या अभियंत्याने जी यंत्रणा आखली, तिच्यापासून आधुनिक वातानुकूलनाचा आरंभ झाला असे मानतात. म्हणजे हे यंत्र मुळात कागदाच्या प्रकृतीसाठी जन्मास आले; माणसाला गारवा मिळाला तो ओघाने. साहित्यसंस्थेच्या त्रैमासिकात या विषयावर लिहिण्यास एवढे निमित्त पुरेसे व्हावे.

आपल्या हैदराबादेतील जुन्या इमारतींत गेल्या काही दशकांत हे यंत्र ज्या रीतीने शिरले ती रीत योग्य आहे काय, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. दर्शनी भागावर टांगलेले डबे आणि कमानींवरून लोंबणाऱ्या नळ्या ओंगळ दिसतात, ही तक्रार सर्वांच्या परिचयाची आहे आणि ती खरीही आहे. परंतु ग्रंथाची समीक्षा करताना आपण मुखपृष्ठावर थांबत नाही. तसे येथेही थांबू नये. यंत्राने वास्तूचे जे खरे नुकसान होते ते आत होते, आणि त्यातले काही चुन्या-दगडाचे असते, तर काही त्या वास्तूत येणाऱ्या माणसांचे असते.

आधी या वास्तू हवेचे काय करीत, ते पाहणे आवश्यक आहे. २८ सप्टेंबर १९०८ च्या महापुरानंतर मुसीच्या काठांची नव्याने आखणी झाली. दक्षिण तीरावर उच्च न्यायालय (१९२०) व सिटी कॉलेज (१९२१) उभे राहिले. उत्तर तीरावर उस्मानिया रुग्णालय (१९२५) आणि त्याच्या शेजारी आसफिया ग्रंथालय, म्हणजे आजचे राज्य मध्यवर्ती ग्रंथालय, जे १९३६ पासून या इमारतीत आहे. यांपैकी पहिल्या तिन्ही इमारतींशी व्हिन्सेंट एश या वास्तुविशारदाचे नाव निगडित आहे. उच्च न्यायालयाच्या मूळ आराखड्यात जयपूरच्या शंकरलाल यांचाही हात होता. घुमट, छत्र्या आणि कमानी यांची वाखाणणी पुष्कळ झाली आहे. परंतु या चारही इमारती एका अशा काळात उभ्या राहिल्या की, मे महिन्यातल्या दुपारी आत बसणे शक्य करण्याची सगळी जबाबदारी बांधकामावरच होती. यंत्र मदतीला येणार नव्हते.

ती जबाबदारी जाड भिंत, उंच छत, खोल सावली आणि वरचा झरोका या चौघांनी वाटून घेतली होती. दगड-चुन्याची दोन-अडीच फुटांची भिंत दुपारी बाहेरच्या अंगाने तापते, पण ती उष्णता आतल्या अंगाला पोचेपर्यंत रात्र होते. तोवर न्यायालय उठलेले असते, कॉलेज सुटलेले असते, आणि रात्रीच्या गार वाऱ्यात उघड्या खिडक्यांवाटे ती निघून जाते. तापलेली हवा हलकी होऊन वर चढते. छत उंच असल्याने ती माणसाच्या डोक्यावर साचत नाही आणि वरच्या रोशनदानांतून बाहेर पडते. तिची जागा घेण्यासाठी खालून येणारी हवा व्हरांड्याच्या सावलीतून गाळून यावी अशी योजना असते. उन्हाचा तडाखा वाढला की दारांना वाळ्याचे पडदे लावून त्यांवर पाणी मारीत. हैदराबादचा उन्हाळा कोरडा असल्याने पाण्याची वाफ होताना हवा खरोखरच थंड होई. आपल्या घरांतही तत्त्व हेच होते. सुलतान बाजार, ईसामिया बाजार, गौलीगुडा, शाहअलीबंडा येथील जुन्या मराठी घरांचा मधला चौक, सभोवतालची ओसरी आणि रात्री उघडी ठेवलेली माडीची खिडकी ही उस्मानिया रुग्णालयाच्याच कुळातली, फक्त धाकट्या पातीची मंडळी. ज्येष्ठ वाचकांना त्या चौकातल्या शिंपल्या फरशीचा गारवा तळपायांना अजून आठवत असेल.

आता यंत्र या व्यवस्थेत कसे प्रवेश करते ते पाहू. हा इतिहास मला ग्रंथांतून शोधावा लागत नाही, कारण त्यातील एका प्रकरणात मी स्वतः होतो. आमचे एक कार्यालय जुन्या शहरातील एका देवडीत होते. संगणक आले, आणि संगणकांना गारवा लागतो म्हणून एका दालनात वातानुकूलक यंत्रे बसविण्याचा प्रस्ताव आला. यंत्राची शक्ती आपल्याकडे टनांत मोजतात. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळण्यास जितकी उष्णता लागते तितकी उष्णता खेचून नेणारे यंत्र ते एक टनाचे. दालनाची उंची अठरा फूट होती. एवढ्या घनफळासाठी यंत्रांची संख्या वाढेल आणि अंदाजपत्रक मंजुरीच्या मर्यादेबाहेर जाईल, असा शेरा आला. उपाय सोपा होता : दहा फुटांवर खोटे छत टाकावे. त्या छताने रोशनदाने झाकली गेली. गारवा बाहेर जाऊ नये म्हणून खिडक्यांना प्लायवूड ठोकले. नळ्यांसाठी भिंतीस चार भोके पाडली. आतल्या चुन्याच्या गिलाव्यावर तैलरंग चढविला, कारण वातानुकूलित दालनाला पांढरी सफेदी शोभत नाही. या प्रत्येक टप्प्याला कारण होते, प्रत्येक कारणाला आकडा होता, आणि शेवटच्या टिपणीवर इतरांबरोबर माझीही सही आहे.

सहा पावसाळ्यांनंतर खोट्या छताचा एक तुकडा खाली आला आणि त्याच्यामागचे खरे छत आम्ही पुन्हा पाहिले. गच्चीतून पाणी झिरपत होते; सागवानी तुळई टेकूच्या जागी कुजून काळी पडली होती. पूर्वीचे दिवस असते तर पहिल्याच पावसात चपराशाने वर पाहिले असते, ओल दिसली असती, आणि चार पाट्या चुन्यात काम भागले असते. शेजारच्या भिंतीला लागून उर्दू-फार्सीतली जुनी महसुली दप्तरे होती; काहींत मोडीतले कागदही होते. त्यांच्या पाठी बुरशीने एकमेकींना चिकटल्या होत्या. गच्ची गळाली हा यंत्राचा अपराध नव्हे. ती गळती सहा वर्षे कोणाला दिसली नाही, हा मात्र यंत्रासाठी आम्ही केलेल्या सोयीचा परिणाम होता.

बुरशीचे कारण थोडे अधिक समजून घेण्यासारखे आहे, कारण ग्रंथसंग्रह बाळगणाऱ्या प्रत्येक संस्थेचा त्याच्याशी संबंध येतो. पावसाळ्यात बाहेर २८ अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर त्या हवेचा दवबिंदू सुमारे २४ अंश असतो. अशी हवा २० अंशांपर्यंत थंड केलेल्या भिंतीला, कपाटाला किंवा पुस्तकाला लागली की तीवर पाणी धरते. थंड पाण्याच्या पेल्याला बाहेरून घाम फुटतो तोच हा प्रकार. कार्यालयातील यंत्र सकाळी दहाला सुरू होते आणि पाचला बंद होते. रात्री फटींतून दमट हवा शिरते, ती थंड पुस्तकांवर बसते. सकाळी यंत्र पुन्हा वाळवू लागते. दररोज एकदा भिजावे आणि एकदा सुकावे, असा हा क्रम कागदाला, सरसाला आणि कातडी बांधणीला चालू असतो. जगातील मोठ्या संग्रहालयांनी अलीकडे मान्य केलेली मर्यादा पाहिली तर ती १६ ते २५ अंश तापमान आणि ४० ते ६० टक्के सापेक्ष आर्द्रता अशी, म्हणजे पुष्कळ सैल, आहे. भर आहे तो चढउतार न होऊ देण्यावर. २०१४ मध्ये संरक्षणतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी स्थानिक हवामानाचा विचार करूनच असे नियम ठरवावेत, असेही जाहीर केले. तात्पर्य, दिवसा सात तास चालणारे यंत्र ग्रंथांचे रक्षण करते ही समजूत चुकीची आहे. चोवीस तास चालविण्याची ऐपत नसेल तर जाड भिंतीची, कोरडी, वारा खेळणारी खोली ग्रंथांना अधिक हितकर असते. कॅरिअरने कागदासाठी जे केले ते आर्द्रतेचे नियमन होते. आपण त्यातला गारवा तेवढा उचलला.

चुन्याच्या भिंतीचेही असेच आहे. चुना ओल घेतो आणि सोडतो. जुने गवंडी भिंत श्वास घेते असे म्हणत, त्याचा अर्थ एवढाच. तीवर तैलरंग किंवा सिमेंटचा लेप दिला की ओल आत कोंडते आणि क्षार पृष्ठभागाशी येऊन गिलावा फुगवतात. यंत्राच्या नळीतून टपकणारे पाणी महिनोन्महिने एकाच जागी पडले तर बाहेरचे नक्षीकामही असेच सुटते. हैदराबादचा ग्रॅनाइट हे सारे सोसतो. पण आपल्या इमारतींची फुलेपाने, महिरपी आणि मिनारांचे कठडे यांतील बरेचसे काम चुनेगच्चीचे आहे, आणि चुनेगच्ची पाणी सोसत नाही.

येथवर झाले ते वस्तूंचे नुकसान. माझ्या मते याहून गंभीर गोष्ट वेगळीच आहे, आणि तिची चर्चा वारसाविषयक लेखनात फारशी आढळत नाही. हे यंत्र उष्णता नाहीशी करीत नाही, ती दुसरीकडे टाकते. जुन्या कार्यालयात ती 'दुसरी जागा' बहुधा व्हरांडा असते. आमच्या देवडीत तसेच झाले. ज्या ओसरीवर बाहेरगावाहून आलेला खातेदार हातातली पिशवी उशाला घेऊन पाळी येईपर्यंत टेकत असे, तेथे आमच्या यंत्रांची तोंडे काढण्यात आली. आत साहेबांना स्वेटर लागावा आणि बाहेर म्हाताऱ्याने गरम झोत टाळण्यासाठी उन्हात जाऊन उभे राहावे, हे दृश्य मी रोज पाहिले. त्या वेळी त्यात विपरीत असे काही वाटले नाही, हे आज कबूल केले पाहिजे. कार्यालयांत वातानुकूलन ही हुद्द्याप्रमाणे मिळणारी वस्तू आहे. गालिचा कोणाला आणि पडदे कोणाला, याचेच ते पुढचे पाऊल.

मूळ वास्तूत गारव्याची वाटणी अशी नव्हती. मी जुन्या राजवटीचा भाबडा भक्त नाही. त्या काळी पंखा ओढणारा कोण होता आणि वारा कोण घेत होता, हे आपल्या वाडवडिलांनी पाहिलेले आहे. परंतु उंच छत, जाड भिंत आणि खोल व्हरांडा यांचा गारवा इमारतीत शिरलेल्या कोणालाही मिळे. त्यासाठी हुद्दा विचारला जात नसे. उस्मानिया रुग्णालयाच्या व्हरांड्यांत रुग्णांच्या नातेवाइकांच्या किती पिढ्यांनी रात्री काढल्या असतील! सार्वजनिक वास्तूचे सार्वजनिकपण कोनशिलेवरच्या अक्षरांत जितके असते त्याहून अधिक अशा व्हरांड्यांत असते. तो व्हरांडा यंत्रांच्या मागची बोळ झाला की इमारत उभी राहते, पण ती कोणाची हे बदलते.

याला एक सबळ उत्तर आहे आणि ते टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. उत्तर असे : सोय नाकारली तर माणसे निघून जातात, आणि माणसे गेली की वास्तू मरते. जुलै २०२० मध्ये पावसाचे पाणी उस्मानिया रुग्णालयाच्या वॉर्डांत शिरले आणि जुनी इमारत रिकामी करण्यात आली. गोशामहल येथे नव्या रुग्णालयाची पायाभरणी ३१ जानेवारी २०२५ रोजी झाली. उच्च न्यायालयाच्या नव्या संकुलाची पायाभरणी राजेंद्रनगर भागात मार्च २०२४ मध्ये झाली. आजच्या शस्त्रक्रियागृहाला नियंत्रित हवा लागतेच. ती नको म्हणणे म्हणजे रुग्णाच्या जिवाशी खेळ. वारसाप्रेमी मंडळींतील काहीजण प्रत्येक यंत्राकडे परधर्माचे आक्रमण म्हणून पाहतात. त्यांच्या हट्टाने शेवटी कुलूप तेवढे शाबूत राहते. १९६४ च्या व्हेनिस सनदेनेही वास्तूचा समाजोपयोगी वापर तिच्या जतनास पोषकच मानला आहे. अट इतकीच की त्या वापरासाठी तिची रचना व सजावट बदलू नये.

शिवाय यंत्र बसवूनही वास्तू राखता येते. फलकनुमा राजवाडा १८९३ मध्ये पूर्ण झाला. दीर्घ जीर्णोद्धारानंतर नोव्हेंबर २०१० मध्ये तेथे हॉटेल सुरू झाले. मुंबईचे रॉयल ऑपेरा हाऊस २०१६ मध्ये पुन्हा उघडले. हॉटेलचा पाहुणा किंवा बंद नाट्यगृहातील प्रेक्षक गारव्यावाचून बसणार नाही, हे गृहीत धरूनच तेथील कामे झाली. मात्र या उदाहरणांवरून आपण चुकीचा बोध घेऊ नये. तेथे प्रथम छत, मग भिंती, मग वीज आणि त्यानंतर यंत्र असा क्रम होता, आणि त्या क्रमामागे वर्षे व पैसा होता. आपल्या सरकारी आणि संस्थांच्या इमारतींत यंत्र आधी येते, आणि छताची पाळी ते कोसळल्यावर.

विजेची गोष्ट तर फारच थोड्यांच्या लक्षात येते. दीड टनाचे एक यंत्र साधारण वीस पंख्यांइतकी वीज ओढते. दिव्यापंख्यांसाठी ओढलेल्या तारांवर असा भार घालणे म्हणजे सागवानी छताखाली निखारा ठेवणे होय. ऑगस्ट २००९ च्या अखेरीस उच्च न्यायालयाच्या इमारतीला आग लागून तेथील ग्रंथालयाची हानी झाली. विद्युतदोषाचा संशय तेव्हा व्यक्त झाला होता. त्या आगीचा ठपका मी वातानुकूलनावर ठेवीत नाही. जुन्या वास्तूत वीज ही किती नाजूक बाब आहे, एवढेच त्यावरून ध्यानात घ्यावे.

कायद्याचा आधार शोधू जाता तोही तोकडा पडतो. हैदराबादच्या वारसायादीला संरक्षण देणारा १९९५ चा तेरावा नियम २०१५ मध्ये रद्द झाला; २०१७ मध्ये तेलंगणाचा वारसा कायदा आला. कोणताही कायदा इमारत पाडण्यापासून थोपवू शकेल. एका दालनाचे रोशनदान प्लायवूडमागे गडप होताना तो तेथे हजर नसतो. तेथे हजर असतो एखादा कार्यवाह, एखादा अभियंता किंवा एखादा अधिकारी, आणि त्याच्यापुढे असते एक टिपणी.

म्हणून त्या टिपणीवर सही करण्यापूर्वी विचारावयाचे प्रश्न येथे नोंदवितो. गारवा कोणाला हवा आहे : माणसाला, यंत्राला की कागदाला? माणसाला हवा असेल तर आधी रोशनदाने उघडून, पंखे लावून, व्हरांड्याला चिका किंवा वाळा लावून पाहिले काय? २४ अंश पुरतील तेथे १८ कशासाठी? १ जानेवारी २०२० पासून घरगुती यंत्रांना कारखान्यातूनच २४ अंशांची नेमणूक असावी असा केंद्राचा नियम आहे. कागदाला हवा असेल तर सबंध दालन थंड करण्याऐवजी दुर्मिळ ग्रंथांपुरती एक आतली खोली चोवीस तास सांभाळता येईल काय, आणि पावसाळ्यात गारव्यापेक्षा हवेतली ओल काढणारे यंत्र अधिक उपयोगी पडणार नाही काय? नळ्या नव्या भोकांतून न नेता असलेल्या झरोक्यांतून नेता येतील काय? उद्या यंत्र काढले तर त्याची खूण भिंतीवर राहील काय? आणि सर्वांत शेवटी, त्याची गरम हवा कोणाच्या अंगावर जाणार आहे?

आपल्या समाजाच्या संस्था या शहरात शतकभर टिकल्या त्या वर्गणीवर आणि देणग्यांवर. देणगीदार वातानुकूलक यंत्र आनंदाने देतो. त्यावर वडिलांच्या नावाची पाटी लावता येते. गच्चीचा चुना देणारा मिळत नाही, कारण चुन्यावर पाटी लागत नाही. ही तक्रार नव्हे, मनुष्यस्वभाव आहे. तरी ज्यांच्याजवळ जुनी वास्तू आणि जुना ग्रंथसंग्रह आहे अशा संस्थांनी यंत्राचा निर्णय एक वर्ष पुढे ढकलावा, अशी माझी सूचना आहे. काही शे रुपयांचा एक आर्द्रतामापक आणावा, कपाटांमध्ये ठेवावा, आणि सकाळ-संध्याकाळ तापमान व आर्द्रता एका वहीत लिहून ठेवावी. तीन ऋतू त्या वहीत उतरले की कोणती खोली कोरडी, कोणती भिंत ओली, कोणत्या महिन्यात कोणते रोशनदान उघडावे आणि खरोखर कोठे यंत्र हवे, हे तज्ज्ञाला न विचारताही पुष्कळसे कळेल. आणि तज्ज्ञाला विचारावयाचे झाले तरी काय विचारावे ते कळेल.

अशी वही ठेवावयास निवृत्त माणसाइतका मोकळा वेळ दुसऱ्या कोणाजवळ असणार? मी नाव देण्यास तयार आहे. एका टिपणीवर नीट न वाचता केलेल्या सहीच्या बदल्यात वर्षभर रोज दोन सह्या करणे मला मुळीच जड जाणार नाही.